टप्पा, पास आणि भाडेक्षेत्र : पालघर–बोईसर–तारापूर परिसरातील प्रवासभाड्याच्या सुलभीकरणाचा विचार

प्रास्ताविक

सार्वजनिक वाहतुकीच्या भाड्यासंबंधी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दराभोवती फिरते. दर वाढला की निवेदने दिली जातात, दर स्थिर राहिला की विषय मागे पडतो. परंतु भाडे कोणत्या बिंदूपासून मोजले जाते, आणि एकाच प्रवासात ते किती वेळा पुन्हा शून्यापासून सुरू होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. पालघर तालुक्यातील नोकरदार, कामगार व विद्यार्थी यांच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

यामागे भूगोल आहे. पश्चिम रेल्वेचा विरार–डहाणू रोड मार्ग दक्षिणोत्तर जातो. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही त्यावरील स्थानके. याउलट माणसांची वस्ती व कामाची ठिकाणे या मार्गाच्या दोन्ही बाजूंस पसरलेली आहेत. पश्चिमेस सातपाटी, तारापूर, चिंचणी ही किनाऱ्यालगतची गावे, तारापूर औद्योगिक वसाहत व १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झालेले अणुवीज केंद्र आहे. पूर्वेस मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हा डोंगराळ पट्टा आहे. साहजिकच येथील प्रवासाला काटकोन असतो : काही अंतर रेल्वेने उत्तरेस किंवा दक्षिणेस, आणि उरलेले अंतर एस.टी.ने अथवा शेअर रिक्षाने पूर्वेस किंवा पश्चिमेस. वाहन बदलणे ही येथे प्रवाशाची आवड नसून भूरचनेने लादलेली अट आहे. भाड्याची रचना मात्र प्रत्येक बदलाला नवा प्रवास समजते.

तीन वाहने, तीन हिशेब

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे भाडे टप्प्यांनी मोजले जाते. एक टप्पा ६ किलोमीटरचा, आणि टप्प्याचा अंश हा पूर्ण टप्पा धरला जातो. ही पद्धत वाहकास सोपी व हिशेबास निर्दोष आहे. तिचा परिणाम मात्र सर्व अंतरांवर सारखा होत नाही. प्रवास ७२ किलोमीटरवरून ७३ वर गेला तर बाराचे तेरा टप्पे होतात, म्हणजे भाडे सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. प्रवास १२ किलोमीटरवरून १३ वर गेला तर दोनाचे तीन टप्पे होतात आणि त्याच एका किलोमीटरसाठी भाडे ५० टक्क्यांनी वाढते. मुंबई–नाशिकसारख्या लांब पल्ल्यावर हा दोष जाणवत नाही. बोईसर–तारापूर किंवा पालघर–बोईसर यांसारख्या, १२ किलोमीटरच्या आसपासच्या मार्गांवर तो नेमका बोचतो. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.च्या भाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली तेव्हा चर्चा टक्केवारीची झाली. टप्प्याच्या लांबीविषयी कोणी बोलल्याचे आढळले नाही.

रेल्वेचे उपनगरीय भाडे अंतराच्या गटांनुसार ठरते व त्याची सुरुवात ५ रुपयांपासून होते. डहाणू रोडपर्यंत उपनगरीय गाड्या १६ एप्रिल २०१३ पासून धावू लागल्या, आणि तेव्हापासून या पट्ट्यातील प्रवाशाला मुंबईकराचे भाडे लागू झाले. तरीही याच रुळांवर उपनगरीय गाडी, साधी पॅसेंजर आणि एक्स्प्रेस यांचे हिशेब निराळे आहेत, व एकीचे तिकीट दुसरीत चालतेच असे नाही. कोविडकाळात पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावण्यात आले तेव्हा किमान भाडे १० वरून ३० रुपयांवर गेले. ते २०२४ च्या फेब्रुवारीत पूर्ववत झाले. जून २०१४ च्या भाडेवाढीतून द्वितीय श्रेणीचा उपनगरीय प्रवास ८० किलोमीटरपर्यंत वगळण्यात आला होता. चर्चगेटपासून मोजल्यास ही मर्यादा सफाळे व केळवे रोड यांच्यामध्ये पडते. नकाशा समोर ठेवून अशी सीमा कोणी आखली नसती. एका गोल आकड्याने ती आखली.

तिसरा हिशेब शेअर रिक्षाचा. तिचे भाडे ठरविण्याचा अधिकार परिवहन प्राधिकरणाकडे असला तरी व्यवहारात ते थांब्यावरील प्रघाताने ठरते. त्याला पास नाही, सवलत नाही, पावतीही नाही. परंतु हे भाडे सर्वांना ठाऊक असते, सुट्ट्या पैशांत बसते आणि एका मार्गावर सर्वांना सारखे असते, हेही नोंदविले पाहिजे. सुलभतेच्या कसोटीवर अनौपचारिक व्यवस्था शासकीय व्यवस्थेपेक्षा सरस ठरते ही गोष्ट आपल्या धोरणकर्त्यांना मानवणारी नाही.

पासाचे गणित

दररोज ये-जा करणाऱ्यासाठी सुट्या तिकिटापेक्षा पास महत्त्वाचा. सफाळ्याहून बोईसरला रेल्वेने येणारा आणि तेथून औद्योगिक वसाहतीत जाणारा एक कामगार उदाहरणादाखल घेऊ. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरल्यास त्याच्या ५० फेऱ्या होतात.

रेल्वेचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास सर्वसाधारणपणे १५ एकेरी भाड्यांइतका असतो. म्हणजे ५० फेऱ्यांच्या सुट्या तिकिटांच्या तुलनेत तो ३० टक्क्यांत प्रवास करतो. (२०१४ मध्ये हा हिशेब ३० एकेरी भाड्यांवर नेण्याचा प्रस्ताव होता; तो मागे घेण्यात आला.) एस.टी.चा मासिक पास २० दिवसांचे भाडे घेऊन ३० दिवस प्रवासाची मुभा देतो. वीस दिवसांचे जाणे-येणे म्हणजे ४० एकेरी भाडी. ५० फेऱ्यांशी तुलना करता हे प्रमाण ८० टक्के होते. शेअर रिक्षात पासच नसल्याने प्रमाण १०० टक्के राहते.

या कामगाराचे सुमारे २६ किलोमीटरचे रेल्वेचे अंतर ३० टक्के दराने, आणि स्थानकापुढचे चार-पाच किलोमीटर ८० अथवा १०० टक्के दराने कापले जाते. प्रवासाचा जो भाग सर्वांत लहान, त्यावर सवलत सर्वांत कमी. मासिक खर्चात या लहान भागाचा वाटा रेल्वेच्या वाट्याहून मोठा होतो तो यामुळे. रेल्वे स्वस्त आहे आणि एस.टी. महाग आहे, असे याचे वर्णन करणे वरवरचे होईल. प्रत्येक संस्थेने आपल्या पासाचे सूत्र आपल्या प्रवाशासाठी आखले. दोघांचा मिळून एकच प्रवासी आहे हे कोणाच्याच सूत्रात नाही.

सवलतींच्या बाबतीतही असेच घडते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त ५० टक्के सवलत मिळाली. त्यापूर्वी २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य प्रवास मिळाला. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्या स्त्रीला अर्धे भाडे मिळेल की पूर्ण द्यावे लागेल, हे तिच्या उत्पन्नावर किंवा अंतरावर अवलंबून नाही. तिच्या पाळीच्या वेळी स्थानकाबाहेर एस.टी. उभी आहे की रिक्षा, यावर ते अवलंबून आहे. जेथे गाडी नाही तेथे सवलत कागदावर राहते.

एक तिकीट आणि एक भाडे यांतील भेद

८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मुंबई वन’ या अ‍ॅपचे उद्घाटन झाले. मेट्रो मार्ग, मोनोरेल, उपनगरीय रेल्वे, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली व मीरा-भाईंदर येथील बससेवा अशा ११ सेवा त्यात एकत्र आणल्या गेल्या. त्या यादीत एस.टी. नव्हती, वसई-विरारची परिवहन सेवाही नव्हती. म्हणजे पालघरचा प्रवासी त्यात रेल्वेपुरता मुंबईकर ठरला आणि स्थानकाबाहेर पडताच परका झाला. याहून मूलभूत मुद्दा असा की, अनेक सेवांची तिकिटे एका संकेतचिन्हावर आल्याने भाडे एक होत नाही. बेरीज प्रवाशाऐवजी यंत्र करते, एवढाच फरक पडतो. रांग वाचते हे खरे आणि ते स्वागतार्हही आहे. पण किमान भाडे दोनदा द्यावे लागते ते लागतेच.

भाडे सोपे करणे व भाडे कमी करणे यांचीही गल्लत होऊ नये. बेस्टने जुलै २०१९ मध्ये साध्या बससाठी ५, १०, १५ व २० रुपये असे चारच दर ठेवले. ते सोपे होते आणि स्वस्तही होते. मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले, परंतु पहिल्या ५ किलोमीटरसाठी एक दर व पुढे मोजके गट ही चौकट टिकून राहिली. दर बदलता येतो आणि चौकट राखता येते, हे या उदाहरणावरून दिसते.

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९६५ मध्ये निरनिराळ्या वाहतूक संस्थांनी संघ स्थापन करून समान भाडे स्वीकारले व जमा झालेले उत्पन्न आपसांत वाटून घेण्याचा करार केला. ही व्यवस्था पुढे युरोपात अनेक ठिकाणी अनुसरली गेली. तिचे मर्म नकाशावरील क्षेत्रांत नसून उत्पन्नवाटपाच्या करारात आहे, हे बहुधा लक्षात घेतले जात नाही. नेदरलँड्समध्ये याउलट प्रवास झाला. तेथे १९८० पासून देशभर भाडेक्षेत्रांवर आधारित पट्टीचे तिकीट होते. २०११ पर्यंत ते बंद होऊन किलोमीटरनुसार मोजणारे कार्ड आले. परंतु त्या कार्डातही एक नियम राखला गेला : बस, ट्राम व मेट्रो यांमध्ये ३५ मिनिटांच्या आत वाहन बदलल्यास चढण्याचे मूळ शुल्क पुन्हा लागत नाही. क्षेत्रे गेली, बदलाचा नियम राहिला. आपल्याला यातून घेण्यासारखे आहे ते हेच.

पालघर परिसरासाठी संभाव्य रचना

या विवेचनावरून प्रस्तुत लेखकाचे मत असे बनते की, येथे प्रथम भाडेक्षेत्रे आखू नयेत. प्रथम जोडपास काढावा. ब्रिटनमध्ये २००२ पासून रेल्वे तिकिटासोबत ठरावीक रक्कम भरून स्थानकाच्या गावातील बसचा प्रवास जोडून घेण्याची सोय आहे. त्याच धर्तीवर रेल्वेच्या मासिक पासावर ‘बोईसर एस.टी.’ किंवा ‘पालघर एस.टी.’ अशी जोड देता येईल. जोडीची रक्कम ४० एकेरी भाड्यांऐवजी २० ते २५ भाड्यांच्या आसपास ठेवल्यास एस.टी.ला प्रतिफेरी कमी मिळेल, पण आज रिक्षाकडे जाणारा प्रवासी परत मिळण्याची शक्यता राहील. रेल्वेचे भाडे केंद्र शासनाच्या व एस.टी.चे राज्य शासनाच्या कक्षेत असल्याने संपूर्ण समान भाडे आणणे दीर्घकाळचे काम आहे. जोडपासाला मात्र दोन संस्थांमधील करार पुरेसा होऊ शकेल, कारण त्यात कोणाचाही मूळ दर बदलत नाही.

भाडेक्षेत्रे त्यानंतर. ती आखताना मुंबईपासूनची वर्तुळे काढण्याचा मोह टाळावा. प्रत्येक मोठ्या स्थानकाभोवती किनाऱ्यापासून राष्ट्रीय महामार्गापर्यंत एक आडवा पट्टा धरावा : सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू. म्हणजे चिंचणी–बोईसर, तारापूर–बोईसर अथवा चिल्हार–बोईसर हे सर्व प्रवास एकाच क्षेत्रात येतील. महामार्गाच्या पूर्वेस विक्रमगड, जव्हार व मोखाडा यांची क्षेत्रे अंतरामुळे मोठी ठेवावी लागतील. स्थानकापासून वसाहतीपर्यंत तीन किलोमीटर जाणाऱ्यावर संपूर्ण क्षेत्राचे भाडे लादले जाऊ नये म्हणून अल्प अंतराचे निराळे तिकीट लागेल. या तरतुदीशिवाय क्षेत्रपद्धती गरिबाच्या मुळावर येईल.

सीमेचा खरा कस उमरोळी–कोळगाव भागात लागेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला व त्याचे मुख्यालय पालघर–बोईसर रस्त्यावरील कोळगाव येथे उभे राहिले. मोखाड्याहून दाखल्यासाठी येणारी व्यक्ती पालघर बसस्थानकात उतरते, आणि शेवटच्या काही किलोमीटरांसाठी पुन्हा किमान भाडे देते. पालघर व बोईसर क्षेत्रांची सीमा येथून गेली तर मुख्यालय एका बाजूस परके होईल. लंडनमध्ये सीमेवरील स्थानके दोन्ही क्षेत्रांत धरली जातात. कोळगाव व उमरोळी यांना तोच न्याय लावता येईल. बोईसरला प्रस्तावित असलेले वेगवान रेल्वेचे स्थानक आणि २०२४ मध्ये भूमिपूजन झालेले वाढवण बंदर यांमुळे या पट्ट्यातील वर्दळ वाढणार असल्याने सीमेचा निर्णय लांबविणे महाग पडेल.

उत्पन्नवाटपासाठी आकडे लागतात, आणि ते मिळविण्यात येथील महाविद्यालयांचे भूगोल, अर्थशास्त्र व वाणिज्य विभाग सहभागी होऊ शकतात. बोईसर व पालघर स्थानकांबाहेर सकाळच्या पाळीआधी व संध्याकाळी, उतरलेला प्रवासी पुढे कोणत्या वाहनाने, कोठे आणि कोणत्या पासावर जातो, एवढे तीनच प्रश्न विचारणे पुरेसे आहे. ही नोंद एक आठवडा उन्हाळ्यात व एक आठवडा भर पावसात घ्यावी. पावसात पायी चालणारे वाहनाकडे वळतात, आणि जोडपासाचे संभाव्य ग्राहक प्रामुख्याने त्यांच्यातच सापडतील.