पाटल्या माफ, नाणी मोजा

अमेरिकेत अपंग, अंध किंवा पासष्टी गाठलेल्या गरजू माणसाला सरकार दरमहा पैसे देतं. योजनेचं नाव सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम, सगळे म्हणतात एसएसआय. अट अशी, की एकट्या माणसाची मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरच्या वर जाता कामा नये, जोडप्याची ३,०००च्या. १९८९ पासून हा आकडा जागचा हललेला नाही. हल्लीच्या भावाने तेवढ्यात धड दोन तोळे सोनंही येत नाही.

मग तिथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी बाईच्या हातातल्या पाटल्यांचं काय? त्या मोजतच नाहीत! भाव कितीही चढो. लग्नाची अंगठी माफ, सासूकडून आलेला, घराण्याची आठवण म्हणून जपलेला दागिनाही माफ. पण भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेली सोन्याची नाणी मात्र मालमत्तेत धरली जातात. सोनं तेच, वजनही तेच. कायदा विचारतो ते एवढंच, की हे तुम्ही कशासाठी बाळगलंय? रोज वाजवायचं व्हायोलिन कितीही महागाचं असलं तरी चालतं, संग्राहकाच्या कपाटातलं चालत नाही. सरकारी नियमाने माणसाच्या मनातला हेतू तपासावा, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

हे औदार्य तसं अलीकडचं. २००५ पर्यंत घरातलं सामान आणि अंगावरच्या चीजवस्तू मिळूनही २,००० डॉलरचीच सूट होती. म्हणजे सोफ्याचीसुद्धा किंमत काढायची. राहतं घर आणि येण्याजाण्याची एक गाडी यांना किमतीचं बंधन नाही.

खरी गंमत वस्तू विकली की सुरू होते. समजा, वीस तारखेला कुणी पाटल्या मोडून पाच हजार डॉलर आणले. ते उत्पन्न धरलं जात नाही, त्या महिन्याला धक्का नाही. पण हिशेब होतो तो महिन्याच्या पहिल्या क्षणाचा. एक तारीख उजाडताना ते पैसे खात्यात असले, की त्या महिन्याचे पैसे बंद. तोवर घरभाडं भरा, दात करून घ्या, फ्रिज घ्या, सगळं चालेल. भाच्याला देऊन टाकले तर मात्र छत्तीस महिन्यांपर्यंत अपात्र ठरण्याची पाळी येऊ शकते. काटकसरीने वागणाऱ्याला शिक्षा आणि खर्चून मोकळा होणाऱ्याला अभय, हे मला तरी उफराटं वाटतं.

२०१४च्या एबल कायद्याने एक फट उघडली: अपंगांसाठीच्या खास खात्यात एक लाख डॉलरपर्यंतची शिल्लक एसएसआय मोजत नाही. आधी अपंगत्व वयाच्या सव्विसाव्या वर्षापूर्वी आलेलं असावं लागे. जानेवारी २०२६ पासून ही रेषा सेहेचाळीसवर सरकली. पन्नाशीत अपघाताने पाय गमावलेल्याला मात्र हे खातं आजही उघडता येत नाही.