लाकडी की प्लॅस्टिकची? : खान्देशी स्वयंपाकघरातील उपकरणांची निवड व निगा

जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील घरगुती वस्तूंची नावे जमविणाऱ्या विद्यार्थ्यास एक गोष्ट लवकरच आढळून येते. पोळपाट, लाटणे, उलथने, किसणी, रवी, चाटू, काथवट, उखळ, मुसळ अशी नावांची रास त्याच्या हाती लागते. परंतु भाजी कापण्याच्या फळीस नाव काय, असे विचारले असता अहिराणी बोलणारी धुळ्याची गृहिणी आणि लेवा गणबोली बोलणारी यावलची गृहिणी, दोघीही ‘चॉपिंग बोर्ड’ असेच उत्तर देतात. प्रमाण मराठीतही याहून निराळी स्थिती नाही. या रिकाम्या जागेचे कारण उघड आहे. आपल्याकडे भाजी चिरली जाते ती विळीवर. विळीचे पाते उभे व स्थिर असते. भाजी दोन्ही हातांनी त्यावर ढकलावयाची असते, आणि फोडी खालच्या ताटात किंवा पाण्यात पडतात. पात्याखाली आधार लागतच नाही. जी वस्तू नव्हती तिला शब्दही नव्हता.

उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला, विळीची जागा सुरीने घेतली, आणि सुरीबरोबर ही फळी घरात शिरली. बहुतेक घरांत ती प्रथमपासूनच प्लॅस्टिकची होती. येथे भाषाभ्यासकाने एक भेद ध्यानात घ्यावा. लाटणे, उलथने, किसणी ही नामे क्रियेवरून सिद्ध झालेली आहेत. पोळपाटात पोळी आहे. उपकरणाचे काम त्याच्या नावातच नोंदलेले असते, आणि पोळपाटावर कोणी मासा कापीत नाही. (काथवट हा अपवाद खरा, त्यातील आदिपद ‘काष्ठ’ आहे, म्हणजे ते नाव द्रव्यावरून पडले आहे. तथापि पीठ मळण्याव्यतिरिक्त तिचा फारसा उपयोग होत नाही.) नव्या फळीवर मात्र सकाळी कोथिंबीर, दुपारी कोंबडी व रात्री काकडी असा क्रम चालू शकतो. कच्च्या मांसावरील जंतू न शिजविता खाण्याच्या पदार्थावर जाण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. फळी कोणत्या द्रव्याची आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

तरीही या दुसऱ्या प्रश्नाविषयी एक समजूत इतकी रूढ झाली आहे की तिचा विचार करणे अवश्य आहे. लाकूड सच्छिद्र आहे, म्हणून ते जंतूंना आश्रय देते. प्लॅस्टिक निश्छिद्र आहे, म्हणून ते शुद्ध, असा हा तर्क आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर व नेसे अक यांनी या तर्काची परीक्षा केली. त्यांचे निबंध १९९४ साली प्रसिद्ध झाले. साल्मोनेला, लिस्टेरिया व ई. कोलाय या जातींचे जंतू त्यांनी दोन्ही प्रकारच्या फळ्यांवर सोडले. कोरड्या लाकडाने जंतुयुक्त द्रव केशाकर्षणाने आत शोषून घेतला. पृष्ठभागावरून परत मिळणाऱ्या जंतूंची संख्या थोड्याच वेळात घटली, आणि आत गेलेले जंतू वाढले तर नाहीतच, उलट हळूहळू मेले. नवी प्लॅस्टिकची फळी धुतली असता चांगली स्वच्छ झाली. परंतु सुरीचे चरे पडलेली, विशेषतः कोंबडीची चरबी लागलेली जुनी फळी हाताने घासून निर्जंतुक करणे फार कठीण ठरले, कारण चऱ्यांतील ओल लवकर वाळत नाही व काथ्याचा तंतू तेथवर पोचत नाही.

यावरून लाकूड स्वतःच स्वतःला शुद्ध करते, असा अर्थ काढणारे लेख अधूनमधून वाचावयास मिळतात; तो अर्थ बरोबर नाही. शोषणाचा हा गुण कोरड्या लाकडाचा आहे. रात्रभर मोरीत पडलेली फळी आधीच पाण्याने भरलेली असते. ती आणखी काय शोषणार? शिवाय पुढील काळात झालेल्या सर्वच प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. लाकडाची जात, ओलावा व धुण्याची पद्धत यांनुसार ते बदलतात. निश्चित एवढेच म्हणता येते की, निश्छिद्रतेवरून स्वच्छतेचे अनुमान करणे हे पृष्ठभागाची प्रत्यक्ष अवस्था न पाहता केलेले अनुमान आहे.

खान्देशात या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती भरताच्या निमित्ताने. येथील हिरवी, पांढरट रेषांची मोठी वांगी प्रसिद्धच आहेत. यावल तालुक्यातील बामणोदचे नाव त्यांच्याशी जोडले गेले आहे, आणि ‘जळगाव भरीत वांगी’ यांस २०१६ साली भौगोलिक निर्देशनही मिळाले. थंडीच्या दिवसांत शेताशेतांतून भरीत पार्ट्या होतात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात, साल काढतात आणि गर लाकडी पात्रात मुसळाने ठेचतात. या पात्रास बडगी म्हणतात. बडजी असाही उच्चार ऐकू येतो. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे गर लवकर निवत नाही व पात्र हाताला पोळत नाही. ठेचल्याने गराचा तंतू राहतो, जो मिक्सरमध्ये उरत नाही. पार्ट्या संपल्या की बडगी कित्येक महिने पडून असते, आणि मग ‘हे जुनाट लाकूड आरोग्यास बरे का?’ अशी शंका निघून तिच्या जागी प्लॅस्टिकचे घमेले आणण्याची भाषा सुरू होते. माझ्या मते ही अदलाबदल तोट्याची आहे. ऊन गर व मुसळाचा आघात या दोहोंपुढे प्लॅस्टिक टिकत नाही. ते खरवडले जाते, आणि चऱ्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बडगीचा खरा शत्रू आहे भेग. भेगेत गर अडकून सडतो. तडा खोल गेला असेल तर ती बडगी खाद्यासाठी वापरू नये. नुसती जुनी झाली म्हणून टाकू नये.

निवडीविषयी थोडे सांगावयाचे आहे. दाट कणांचे, कठीण, वास नसलेले लाकूड घ्यावे. साग पाण्यास दाद देत नाही, पण त्यात वालुकेचा अंश असल्याने सुरीची धार लवकर जाते. चिंचेचे लाकूड कठीण व चिवट. खाटकाचा ठोकळा पुष्कळदा याच लाकडाचा असतो, आणि रोज त्यावर काम करणाऱ्याची पसंती दुर्लक्षिण्यासारखी नाही. बाभूळही कठीण व टिकाऊ आहे. रंग किंवा चकचकीत रोगण दिलेले चमचे व पोळपाट घेऊ नयेत, कारण तो थर उकलून अन्नात जातो. शक्य तेथे एकसंध लाकूड पाहावे. जोडांच्या सांध्यांत पाणी मुरते.

धुण्याची रीत दोन्ही द्रव्यांची बरीचशी सारखी आहे. काम संपताच ऊन पाणी व साबण यांनी घासावे, विसळावे व वाळवावे. लाकूड बुडवून ठेवू नये. फळी आडवी न ठेवता भिंतीशी उभी करावी, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागतो. खान्देशात वैशाखाच्या उन्हात पारा ४५ अंशांवर जातो. ओली फळी अशा उन्हात टाकली तर एक अंग आधी आकसते व फळी वाकते अथवा तडकते. सावलीतील वारा पुरेसा आहे. पावसाळ्यात उलट बुरशीचे भय असते, म्हणून बडगी बंद खोलीत पालथी घालून ठेवू नये. कच्चे मांस कापल्यावर धुतलेल्या फळीवर एक लिटर पाण्यात साधारण एक लहान चमचा घरगुती ब्लीच मिसळून काही मिनिटे ठेवावे व पुन्हा विसळावे. धुण्याआधीच हे पाणी ओतणे व्यर्थ होय. चरबी व रक्त क्लोरीनची शक्ती खाऊन टाकतात. मीठ-लिंबाने वास व डाग जातात, पण त्यास निर्जंतुकीकरण म्हणू नये.

तेलाबाबत आपल्याकडे चूक होते. घरात शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल असते, तेच लावले जाते. ते वाळत नाही, लाकडात खवट होते. जवसाचे तेल हवेत वाळून कडक थर बनते, म्हणून ते योग्य. अथवा औषधी पॅराफिन तेल घ्यावे. जवसाच्या तेलाचा बोळा मात्र चुरगळून ठेवू नये, वाळताना तो तापून पेट घेऊ शकतो.

प्लॅस्टिकच्या पळ्या व उलथन्यांचा प्रश्न उष्णतेचा आहे. पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते. तळणीचे तेल १८० अंशांपर्यंत जाते. फोडणीत ढवळावयास चाटू किंवा धातूची पळीच हवी. फळीविषयी २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, पॉलिथिलीनच्या फळीवरून दरसाल सुमारे ७ ते ५० ग्रॅम सूक्ष्म कण सुटत असावेत, असा अंदाज करण्यात आला. त्याच अभ्यासातील पेशींवरच्या प्राथमिक चाचणीत लक्षणीय अपाय दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा ज्या घरांत भांडी धुण्याचे यंत्र आहे तेथे मांसासाठी प्लॅस्टिकची फळी सोयीची ठरते, कारण यंत्रातील कढत पाणी तिला सोसते व लाकडास सोसत नाही.

दोन फळ्या ठेवाव्यात, आणि त्यांना दोन नावे द्यावीत. ‘भाजीपाट’ व ‘मटणपाट’ हे शब्द पोळपाटाच्याच घडणीचे आहेत. ते रुळले तर कोणती फळी कशासाठी, हे घरातल्या लहान मुलासही विचारावे लागणार नाही. प्लॅस्टिकच्या पाटावरून नख फिरविताना ते चऱ्यांत अडकू लागले की तो पाट बदलावा. लाकडी पाट त्या अवस्थेस आला तर सुताराकडून त्यावर रंधा मारून घ्यावा, व नव्या पृष्ठभागास पुन्हा जवसाचे तेल लावून, ते पुरते वाळेपर्यंत काही दिवस वाऱ्यावर ठेवून, मगच वापरास काढावा.