गंधकाचा भाऊ : सेलेनियम

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लिहावे, याचे काही प्राध्यापकांना नवल वाटेल. परंतु विषय प्रयोगशाळेतला नसून ताटातला आहे.

३ डिसेंबर २०२४ ते २० जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील अठरा गावांत २७९ लोकांचे केस एकाएकी गळाले. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड ही नावे तेव्हा वर्तमानपत्रांत रोज येत होती. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लाजेपायी कित्येकांनी डोकीच भादरून घेतली. यांत आपल्यासारखी कॉलेजात जाणारी मुले-मुली पुष्कळ होती. कोणाचे शिक्षण थांबले, कोणाची जमलेली लग्ने अडली. प्रथम संशय आला तो तेथील खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा.

पुढे विंचूदंशावरील संशोधनामुळे प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांची तपासणी केली. नेहमीपेक्षा रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट सेलेनियम आढळले. पंजाब-हरियाणाकडून रेशनवर आलेला गहू हे याचे कारण, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ते वाचून वडिलांनी मला विचारले, "रेशनच्या गव्हात कायतरी निघालं म्हणत्यात, ते काय हाय?" घरात कॉलेज शिकणारा मी पहिलाच, तेव्हा उत्तर देणे भागच होते.

स्वीडनच्या बर्झेलियसला १८१७ साली गंधकाम्लाच्या कारखान्यातील तांबूस गाळात हे मूलद्रव्य सापडले. त्याच्याशी साम्य असलेल्या टेल्युरियमला पृथ्वीचे नाव आधीच मिळालेले होते, म्हणून याला चंद्राचे ग्रीक नाव मिळाले. मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याची जागा गंधकाच्या लगेच खाली आहे, आणि सारे मर्म या शेजारात आहे. गंधक ज्या ज्या प्रकारची संयुगे बनवतो, जवळजवळ तशीच सेलेनियमही बनवतो. अल्कधर्मी, मोकळ्या हवेच्या जमिनीत त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन सेलेनेट हा विद्राव्य क्षार बनतो. पिकाची मुळे त्याला गंधकाचा सल्फेट समजून आत घेतात. गव्हाच्या प्रथिनात मग गंधकाच्या जागी सेलेनियम जाऊन बसते. आपले शरीरही तसेच फसते. केस जाळला की जो वास येतो तो गंधकाचा. केसांची बळकटी गंधकाच्या जोडसांध्यांवर अवलंबून असते. त्या सांध्यात हा भाऊ घुसला की केस ठिसूळ होतात. नखांचेही तेच, एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून नखे गळाल्याच्या तक्रारी आल्या.

त्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. धुतलेल्या गव्हात १३.६१. म्हणजे ती वरची धूळ नव्हती, दाण्याच्या आतलाच मामला होता. आता हिशेब करू. माणूस दिवसाकाठी २०० ग्रॅम पीठ खातो असे धरले, तर सुमारे २९०० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाते. गरज असते ४०-५० मायक्रोग्रॅमची आणि सहन होण्याची मर्यादा ४०० ची मानतात.

होय, गरजही असते! १९५७ पर्यंत सेलेनियम म्हणजे केवळ विष असा समज होता. त्या वर्षी श्वार्त्झ व फोल्ट्झ यांनी ते प्राण्यांना अत्यावश्यक असल्याचे दाखवले. चीनमध्ये तर दोन्ही टोके पाहायला मिळाली : केशान भागात सेलेनियमच्या अभावी मुलांची हृदये निकामी झाली आणि एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या अतिरेकाने केस व नखे गळाली.

गंमत अशी की, कोंड्यावरच्या औषधी शांपूत सेलेनियम सल्फाइडच असते. ते पाण्यात विरघळत नाही, कातडीतून फारसे आत जात नाही, म्हणून चालते. मूलद्रव्य तेच, पण संयुग बदलले की गुण बदलतो. शुद्ध सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज अधिक सहज वाहते, हे १८७३ मध्ये विलोबी स्मिथ यांनी जाहीर केले. या गुणावर पुढे झेरॉक्सचे यंत्र उभे राहिले. आता त्या जागी दुसरे पदार्थ आले आहेत. काचेतील हिरवट झाक घालवण्यासाठी आणि प्रमाण वाढवून लालभडक काच करण्यासाठीही ते वापरतात.

यावरून पंजाबचा सारा गहू विषारी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. तेथे होशियारपूर-नवांशहरकडचा, शिवालिक डोंगरांतून वाहून आलेल्या गाळाचा काही पट्टाच असा आहे. तेथील शेतकऱ्यांची जनावरे हे दुखणे आधीपासून भोगत आली आहेत. त्यांचे खूर गळतात. आपल्या माळशिरस तालुक्यात ज्वारीची भाकरी अजून ताटात आहे, हे एका परीने बरेच. एकाच धान्यावर, तेही एकाच ठिकाणाहून आलेल्या, ज्याचे पोट अवलंबून असते त्याला धोका अधिक. आणि असा माणूस बहुधा गरीबच असतो. पोत्यातला दाणा पाहून किंवा चाखून त्याला काही कळणार नाही. ती तपासणी गोदामातच व्हायला हवी.

जमिनीवर मात्र उपाय आहे, आणि तोही भाऊबंदकीतलाच. अशा शेतात जिप्सम टाकतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियमचा सल्फेट. मुळांपाशी गंधक भरपूर मिळाला की सेलेनेटला आत शिरायला वाव कमी उरतो आणि दाण्यातले सेलेनियम घटते.