पहिला विकल्प कोणता लिहाल?

बालमित्रांनो, परवा मी चौथीच्या वर्गात एक सोपा प्रश्न विचारला. ‘‘फिटर म्हणजे काय काम करणारा माणूस?’’

भराभर हात वर झाले. ‘‘बाई, तो फिट करतो!’’ ‘‘नळ बसवतो!’’ एकजण म्हणाला, ‘‘बाई, माझे काका फिटर आहेत. ते कारखान्यात जातात.’’ मी विचारलं, ‘‘कारखान्यात जाऊन काय करतात?’’ त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, ‘‘डबा खातात.’’

सगळा वर्ग खो खो हसला. चौथीतल्या मुलांचं एक वेळ ठीक आहे. पण गंमत अशी, की हाच प्रश्न दहावी झालेल्या ताईदादांना विचारला तरी उत्तर फारसं पुढे सरकत नाही. आणि त्यातल्या कितीतरी जणांनी तर आय.टी.आय.च्या अर्जात ‘फिटर’ हा शब्द स्वतःच्या हातानं भरलेला असतो!

आय.टी.आय. म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. कारागीर तयार करण्याची ही योजना आपल्या देशात १९५० साली सुरू झाली. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आय.टी.आय. आहेत, खासगी वेगळ्याच. तिथे जो धंदा शिकवतात त्याला ‘ट्रेड’ म्हणतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक, प्लंबर, ड्राफ्ट्समन... यादी भली मोठी आहे. बहुतेक ट्रेडना दहावी पास लागतं. वेल्डर, वायरमन, प्लंबर अशा काहींना आठवी पास चालतं. काही ट्रेड एक वर्षाचे, काही दोन वर्षांचे. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्यात संस्था व ट्रेड यांचे विकल्प पसंतीच्या क्रमानं लिहायचे. पहिल्या फेरीत पहिल्याच विकल्पाची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. न घेणारा पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. म्हणजे तो पहिला विकल्प लिहिताना ‘बघू, नंतर बदलू’ असं म्हणून चालत नाही, बरं का!

आता तुम्हाला एक खरी गोष्ट सांगते. सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव नको सांगायला. तिसरीत असताना त्यानं झाडाचं चित्र काढलं आणि पानं चक्क तपकिरी रंगवली. मी लाल पेनानं शेरा मारला, ‘पाने हिरवी असतात. लक्ष कुठे आहे?’ पुढच्या चित्रात पुन्हा तेच. मला वाटलं, पोर धांदरट आहे. मग तो पाहून पाहून रंग भरायला शिकला. खडूच्या कागदावर रंगाचं नाव छापलेलं असतं ना, ते वाचून तो खडू उचलायचा. हे मला तेव्हा कळलंच नाही.

दहावीला त्याला चांगले गुण पडले. अर्ज भरायच्या वेळी तो वडिलांबरोबर माझ्याकडे आला. ‘‘बाई, कुठला ट्रेड घेऊ?’’ मी काय सांगितलं असेल? सगळे जे सांगतात तेच. ‘‘इलेक्ट्रिशियन लिही पहिला. गावात कधी काम कमी पडणार नाही.’’ त्याच्या वडिलांनाही ते पटलं. पहिल्याच फेरीत जागा मिळाली. पेढे वाटले गेले.

पुढे एकदा कार्यशाळेत सरांनी त्याला बोर्डाची जोडणी करायला दिली. तुम्ही पाहिलं असेल, विजेच्या तारा वेगवेगळ्या रंगांच्या असतात. तीन फेजसाठी लाल, पिवळी आणि निळी, न्यूट्रलसाठी काळी आणि अर्थिंगसाठी हिरवी. या पोरानं लाल तार नेमकी हिरवीच्या जागी जोडली! वीजपुरवठा बंद होता म्हणून निभावलं. चालू केला असता तर त्या पेटीच्या पत्र्याला हात लावणाऱ्याचं काय झालं असतं, ते लिहायलाही नको. सरांनी ओरडण्याआधी त्याला शांतपणे विचारलं, ‘‘ही तार कुठल्या रंगाची आहे?’’ तो गप्प उभा राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला रंगीत ठिपक्यांच्या पाट्या दाखवल्या. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. त्याला बरेचसे आकडे दिसलेच नाहीत. लाल आणि हिरव्या रंगातला फरक त्याचे डोळे नीट टिपत नव्हते. याला रंगांधळेपणा म्हणतात. तो जन्मापासून असतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी जास्त आढळतो, आणि त्यानं नजर मुळीच अधू होत नाही. फळ्यावरचं अक्षर त्याला माझ्यापेक्षा स्पष्ट दिसायचं! म्हणून तर कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याचं ते वर्ष वाया गेलं. तिसरीतल्या त्या वहीत मी शेरा मारण्याऐवजी एक प्रश्न विचारला असता तर वाचलं असतं.

तुम्हाला लक्ष्मणराव किर्लोस्कर माहीत आहेत ना? लोखंडी नांगर करणारे, १९१० साली सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवणारे. ते मुळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. तिथे लक्षात आलं, की यांना काही रंगांतला फरक ओळखू येत नाही. रंगकाम सुटलं. पण हात पक्का होता, रेष सरळ होती. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. आराखड्याला रंग लागत नाही, माप लागतं.

तर मुद्दा असा, की ट्रेडचं नाव ऐकून काही कळत नाही. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत त्या माणसाचे हात, डोळे, पाय काय करतात ते पाहावं लागतं.

फिटरचंच घ्या. पहिले कित्येक दिवस तुम्हाला लोखंडाचा एक ठोकळा आणि कानस मिळते. ठोकळा वाईसमध्ये आवळायचा आणि घासायचा. उभं राहून. खांदे भरून येतात. मग त्यावर गुण्या ठेवून उजेडाकडे धरायचं. ठोकळा आणि गुण्या यांच्या फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं! हे झालं की करवतीनं कापणं, भोक पाडणं, आटे पाडणं, दोन तुकडे एकमेकांत अचूक बसवणं. ‘फिट’ हा शब्द इथून आला. ज्याला चिकाटी आहे त्याला हे काम फार आवडतं. ज्याला एका जागी उभं राहवत नाही तो आठ दिवसांत कंटाळतो.

टर्नर लेथवर काम करतो. लेथमध्ये लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि धारदार हत्यार पुढे सरकत त्याला सोलून काढतं. मशिनिस्टच्या मिलिंग यंत्रात उलट असतं. तिथे हत्यार फिरतं. दोघांनाही मायक्रोमीटर वापरावा लागतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यावर मोजता येतो! दशांश अपूर्णांक वर्गात कशाला शिकायचे, असं विचारणाऱ्या मुलांना मी आता हेच सांगते. दोघांसाठी एक नियम मात्र कडक. सैल बाह्या, गळ्यातली साखळी, हातातलं कडं, मोकळे केस, काही चालत नाही. फिरतं यंत्र कपडा ओढून घेतं.

वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचाच. काळ्या काचेआडून वितळणाऱ्या धातूकडे पाहत हात अगदी संथ आणि एकसारखा सरकवायचा. कधी वाकून, कधी डोक्यावरचा जोड करायचा. अंगावर कातडी एप्रन, समोर ठिणग्या, आणि मे महिन्यातही तेच! ज्याचा हात स्थिर आहे त्यानंच इकडे पाहावं. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन ही नावं सारखी वाटतात. पण वायरमनचा भर घराच्या, इमारतीच्या आणि बाहेरच्या तारांच्या जोडणीवर जास्त असतो, तर इलेक्ट्रिशियनला त्याबरोबर मोटारी, स्टार्टर, कारखान्यातली पॅनेलं हेही बरंच शिकावं लागतं. उंचावर चढायची भीती वाटत असेल तर ते आधीच कबूल करावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि मुलींनो, हे सगळे ट्रेड तुमच्यासाठीही आहेत. ‘मुलींनी शिवणकाम घ्यावं’ असं कुणी म्हणालं, तर शिवणकाम खरंच आवडत असेल तरच घ्या.

आता शिकता शिकता कारखान्यात काम करण्याविषयी. त्याला अ‍ॅप्रेंटिसशिप किंवा शिकाऊ उमेदवारी म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी १९६१ सालचा कायदा आहे. नेहमीचा रस्ता असा, की आधी आय.टी.आय. पूर्ण करायचं आणि मग त्याच ट्रेडमध्ये कारखान्यात उमेदवारी करायची. या काळात पगार नसतो, विद्यावेतन मिळतं. २०१९ साली ठरलेल्या नियमांत आय.टी.आय. झालेल्यांसाठी ते महिना किमान ७,००० रुपये होतं. दर बदलतात, म्हणून करार करताना त्या वेळचा आकडा विचारा. त्याच नियमांनी ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन घातलं. साखर कारखाने, एस.टी.च्या कार्यशाळा, रेल्वेच्या कार्यशाळा इथे असे उमेदवार तुम्हाला दिसतील. मुंबईचं माझगाव डॉक, जिथे युद्धनौका बांधतात, तिथे तर आठवी पास, दहावी पास आणि आय.टी.आय. झालेले असे तिन्ही प्रकारचे उमेदवार घेतात. कुठल्या गटाला कोणते ट्रेड, ते जाहिरातीत असतं.

दुसरा एक रस्ता २०१६ पासून आहे. त्यात आय.टी.आय. आणि कारखाना जोडीनं शिकवतात. काही महिने संस्थेत, काही महिने कारखान्यात. जर्मनीत ही पद्धत फार जुनी आहे. तिथली मुलं आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कारखान्यात असं साधारण तीन-साडेतीन वर्षं शिकतात. आपल्याकडे प्रत्येक संस्थेत, प्रत्येक ट्रेडला ही सोय नाही. कारखान्याशी करार झालेला असावा लागतो. तेव्हा संस्थेत जाऊनच विचारा, ‘‘या ट्रेडचा करार कोणत्या कारखान्याशी आहे? तिथे मुलांना यंत्रावर उभं करतात की नुसतं सामान उचलायला लावतात?’’ या प्रश्नाचं खरं उत्तर मागच्या वर्षीची मुलं देतील. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ती भेटतात.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. गावाजवळ कुठले कारखाने आहेत हे जरूर बघा. कोल्हापूरकडे फौंड्री आणि मशीन शॉप, चाकणला मोटारींचे कारखाने, ओझरला विमानांचा. पण ‘अमक्याचा मुलगा तिथे लागला’ एवढ्यावर आपल्या मुलाचा विकल्प लिहू नका. उमेदवारी संपली की त्याच कारखान्यात नोकरी द्यायलाच हवी अशी कायद्याची सक्ती नाही, हेही माहीत असू द्या. मात्र शिकणं तिथेच थांबत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला तर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आणि दहावीच्या सुट्टीत मुलाचे डोळे एकदा तपासून घ्या, रंगांसकट. काही नोकऱ्यांत वैद्यकीय तपासणीच्या वेळी ही गोष्ट पुढे येते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आमच्या शाळेनं मागच्या वर्षी सातवीच्या मुलांना जवळच्या आय.टी.आय.त नेलं होतं. आधी चिठ्ठी दिली, परवानगी मिळाली. तिथल्या सरांनी प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं कानस हातात दिली. वर्गात सर्वांत दंगेखोर असलेला मुलगा ठोकळा सोडायला तयार होईना, आणि ‘मी फिटरच होणार’ म्हणणारा पाचव्या मिनिटाला तळहात चोळत बाजूला झाला. तुमच्या गावाजवळ संस्था असेल तर तुम्हीही गुरुजींकडे, बाईंकडे असा हट्ट धरा.

त्या रंग न ओळखणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं, ते राहिलंच! दुसऱ्या वर्षी त्यानं पुन्हा अर्ज भरला. या वेळी तो माझ्याकडे विचारायला आला नाही. आधी चार दिवस संस्थेत जाऊन कार्यशाळेच्या दारात उभा राहिला आणि मग टर्नर लिहिला. दोन वर्षं ट्रेड, मग वर्षभर उमेदवारी. आता तो संगणकावर चालणाऱ्या लेथवर काम करतो. मी त्याला विचारलं, ‘‘अरे, यंत्रावर लाल-हिरवे दिवे असतात ना? त्यांचं कसं?’’ तो म्हणाला, ‘‘बाई, लाल वर असतो, हिरवा खाली. जागा पाठ आहे.’’

दिवाळीत तो शाळेत आला होता. खिशातून त्यानं पितळेचा एक भोवरा काढला, लेथवर स्वतः केलेला. माझ्या टेबलावर त्यानं तो फिरवला. एवढासाही न डुगडुगता तो फिरत राहिला, आणि चौथीची मुलं भोवती उभी राहून मोठ्यानं आकडे मोजत होती.