मंदीत फायनान्सची पहिली नोकरी: दार कुठलं वाजवायचं?

तर मंडळी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि बाजारात मंदी. आपल्याला घेणार कोण?

आधी 2008 बघू. 15 सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांचं मोठं बॅक ऑफिस आपल्या पवईत होतं, तिथे काय झालं असेल विचार करा. पण काही आठवड्यांतच जपानच्या नोमुराने ते विकत घ्यायचं ठरवलं. बँक बुडाली तरी सौदे मिटवणारी, हिशोब जुळवणारी माणसं लागतातच ना!

मंदीत आधी आटतात ते आयपीओ, विलीनीकरणाचे सौदे. म्हणजे सगळ्यांना हवी असलेली इन्व्हेस्टमेंट बँकिंगची, सुटाबुटातली नोकरी. कर्जवसुलीचं काम मात्र उलट वाढतं. आणि ऑडिट? कंपनी तोट्यात असली तरी ते चुकत नाही.

टॅक्स ऑडिटची मुदत एरवी 30 सप्टेंबर. म्हणून जून-जुलैतच गावातल्या सीएच्या ऑफिसात जा. तिथे “काहीही काम चालेल” म्हणू नका. “जीएसटीआर-2बी आणि खरेदीचं रजिस्टर एक्सेलमध्ये जुळवून देतो” म्हणा, आणि ते खरंच शिकून जा. पगार थोडाच मिळेल, तो आधी विचारून घ्या. उलट तुमच्याकडूनच ‘ट्रेनिंग फी’ मागितली, तर सरळ उठून या.