पहिला जगज्जेता पुण्याचा, पण नाव किती जणांना ठाऊक?

पूर्णा : मोबाईलवर पूल खेळणाऱ्या पोरांना विल्सन जोन्स हे नाव सहसा माहीत नसतं. पुण्यात १९२२ साली जन्मलेले जोन्स १९५८ ला कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय. १९६४ ला न्यूझीलंडमध्ये त्यांनी पुन्हा किताब जिंकला.

बिलियर्ड्सला तीनच चेंडू, स्नूकरला बावीस. स्नूकरमध्ये आधी लाल चेंडू पाडायचा, मग रंगीत, मग परत लाल. कॅरममधली राणी अन् कव्हर ज्याला कळतं, त्याला हेही कळेल. जोन्स दोन्हीत तरबेज होते: राष्ट्रीय किताब बिलियर्ड्सचे १२, स्नूकरचे ५. पण हौशी स्पर्धांत नाव मिळायचं, त्यावर घर चालत नव्हतं. पुढं ते प्रशिक्षक झाले. १९९६ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्याचाच. २००३ ला ते वारले.