पांढरी रेघ

पडद्यावर एक माणूस उभा आहे. तो हात हलवतो आणि हवेत पांढरी रेघ उमटते. हात खाली येतो, पण रेघ तिथेच राहते. मग तो तिला अंग लागू नये अशा बेताने वाकून बाजूने निघून जातो. हा माणूस म्हणजे नृत्यरचनाकार विल्यम फोर्साइद. रेघ मागाहून संगणकावर काढलेली. फ्रँकफर्टच्या बॅलेत नव्याने आलेल्या नर्तकांना त्याची पद्धत लवकर उमगावी, म्हणून कार्ल्सरूहच्या झेडकेएम या संस्थेच्या मदतीने ही शिकवणी बनली. 1999 मध्ये तिची सीडी-रॉम निघाली. साठेक छोटे धडे, आणि घरबसल्या नाचाचं व्याकरण!

फोर्साइद 1984 पासून बॅलेट फ्रँकफर्टचा प्रमुख होता. 2004 मध्ये ती संस्था बंद झाली आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतःची छोटी मंडळी उभी केली. बोकेनहाइमर डेपो या जुन्या ट्रामशेडमध्ये त्याचं बरंच काम झालं. ‘वन फ्लॅट थिंग, रिप्रोड्यूस्ड’ हे वीस टेबलांच्या दाटीत नाचायचं नृत्य 2000 साली तिथेच पहिल्यांदा झालं.

प्रयोग संपला की हातात काय उरतं, हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच. संगीतशास्त्री भातखंडे गावोगाव फिरून घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवत होते, तेव्हा कागदावर आलेलं गाणं खरं की गळ्यातलं, हा वाद रंगलाच होता. नाचाची अडचण त्याहून मोठी: इथे सगळ्यांना चालेल अशी एक सरगमही नाही.

फोर्साइदच्या मंडळीतल्या डेव्हिड कर्न नावाच्या नर्तकाने त्यावर कामचलाऊ तोड काढली. तालमीचं चित्रण चालू असताना लॅपटॉपवर टिपणं लिहायची, आणि प्रत्येक टिपण व्हिडिओतल्या नेमक्या त्या क्षणाला चिकटायचं. महिन्याभराने ‘तो टेबलाखालचा प्रकार’ हवा असला, तर तासन्‌तास टेप मागेपुढे करायची गरज नाही. या साधनाचं नाव पीसमेकर. मोठ्या संग्रहालयाला सुचली नाही अशी गोष्ट रोज घाम गाळणाऱ्या माणसाला सुचली, यात नवल नाही.

पुढे 2010 मध्ये याच मंडळीने नृत्यरचना संगणकावर नोंदवण्यासाठी मोशन बँक हा चार वर्षांचा प्रकल्प काढला. स्कॉट डेलाहंटा त्याचा सूत्रधार. त्यांनी मुद्दाम अवघड पाहुणी निवडली: अमेरिकेची नृत्यरचनाकार डेबोरा हे. तिची संहिता म्हणजे गद्य मजकूर आणि नर्तकाला बुचकळ्यात टाकणारे ‘असं असलं तर?’ छापाचे प्रश्न. ‘नो टाइम टू फ्लाय’ हा तिचा सोलो तीन नर्तकींनी पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी त्याचं चित्रण झालं. मग त्यांच्या चालण्याच्या वाटा संगणकाने एकावर एक ठेवल्या. संहिता एकच, पण वाटा निरनिराळ्या. एकच चित्रफीत जपून ठेवली असती, तर नेमकी हीच गोष्ट हातची गेली असती.

आता रडगाणं. फोर्साइदच्या शिकवणीची ती सीडी-रॉम आजच्या बहुतेक संगणकांत घालायला फटच नाही, आणि जुना ड्राइव्ह मिळाला तरी आतला प्रोग्रॅम जुन्या यंत्रणेसाठी लिहिलेला. वीस टेबलांच्या नृत्याचं ओहायो स्टेट विद्यापीठाने 2009 मध्ये देखणं विश्लेषण केलं. कोणता नर्तक कोणाचा इशारा कधी घेतो, हे नर्तकांनाच विचारून त्याचं जाळं रेखाटलं. त्यातली बरीच चित्रं फ्लॅश या संगणक-प्रणालीवर चालायची. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅशला मूठमाती दिली. अशी चित्रं वाचवायची तर जवळजवळ नव्याने लिहून काढावी लागतात, आणि त्यासाठी पैसे देणारे कमीच, कारण नव्या कामाच्या उद्घाटनाला फीत कापता येते, जुन्याच्या डागडुजीला नाही. फोर्साइदची मंडळीही 2015 मध्ये नव्या नावाने दुसऱ्याच्या हाती गेली. मोशन बँकेचं बिऱ्हाड 2016 मध्ये शेजारच्या माइन्झच्या उच्चशिक्षण संस्थेत हललं.

वीस टेबलांचं नृत्य मात्र अजून नाचलं जातं. ल्याँ ऑपेरा बॅलेसारख्या परक्या मंडळींनीही ते बसवलं. त्याची कृती आजही मुख्यतः पूर्वी ते नाचलेली माणसंच शिकवतात: तालमीच्या खोलीत, टेबलांच्या मध्ये उभं राहून.